यंत्रांची नाडीपरीक्षा : पंप व मोटर यांतील कंपने आणि अनुनाद

शहराचा पाणीपुरवठा, औष्णिक वीजघर, साखर कारखाना, उपसा सिंचनाचे केंद्र, यांपैकी कोठेही गेले तरी विजेच्या मोटरींनी फिरणारे पंप रात्रंदिवस चाललेले दिसतात. यांतील एकही यंत्र अगदी निश्चल नसते. त्याच्या अंगावर हात ठेवला, तर बारीक थरथर जाणवते. जुने, अनुभवी मिस्त्री स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवतात, त्याची मूठ कानाशी धरतात आणि आत काय चालले आहे ते सांगतात. वैद्याने नाडीवर बोट ठेवून प्रकृती ओळखावी, तसाच हा प्रकार आहे.

थोडे कंपन हा यंत्राचा स्वभाव असतो. ते वाढू लागले, तर मात्र त्याचा अर्थ समजून घ्यावा लागतो. वाढलेल्या कंपनामुळे बेअरिंगे लवकर झिजतात, पाणी अडवणारे जोड गळू लागतात, बोल्ट सैल होतात आणि वारंवार वाकल्यामुळे धातूला थकवा येऊन त्यात तडे पडतात. मोठा पंप एकाएकी बंद पडला, तर शहराची एखादी पेठ पाण्यावाचून राहते, अथवा वीजघराचा एक संच थांबतो.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला उपाय ठरलेला असतो: बेअरिंग बदला, फिरता भाग काढून तो संतुलित करून आणा. पुष्कळदा याने गुण येतो. परंतु कित्येकदा सर्व भाग नवे बसवूनही यंत्र पूर्वीसारखेच थरथरत राहते. असे का होते, आणि दुखण्याचे मूळ शोधण्याची शास्त्रशुद्ध रीत कोणती, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

प्रत्येक वस्तूची स्वतःची लय

झोपाळ्याला एक धक्का देऊन सोडून दिले, तर तो स्वतःच्या ठराविक लयीत झुलतो. धक्का लहान असो वा मोठा, एका हेलकाव्याला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो. तंबोऱ्याची तार छेडली असता ती आपल्या ठरलेल्या स्वरातच वाजते. दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येला कंप्रता म्हणतात आणि तिचे माप हर्ट्झ या एककात देतात. एखादी वस्तू मोकळी सोडली असता ती ज्या कंप्रतेने कंप पावते, ती तिची नैसर्गिक कंप्रता होय.

ही नैसर्गिक कंप्रता दोन गोष्टींवर अवलंबून असते: वस्तूचा ताठपणा आणि तिचे वस्तुमान. ताठपणा वाढला की कंप्रता वाढते. वस्तुमान वाढले की ती घटते. मात्र हे प्रमाण सरळ नाही. कंप्रता दुप्पट करावयाची असेल, तर ताठपणा चौपट करावा लागतो. पुढे उपायांचा विचार करताना या नियमाची आठवण ठेवावी लागेल.

आता झोपाळ्याकडे पुन्हा वळू. लहान मूल झोपाळ्यावर बसले आहे आणि दुसरे त्याला ढकलीत आहे. ढकलणारा हात झोपाळ्याची लय साधून नेमक्या क्षणी लागला, तर थोड्याशा जोराने झोका उंच जातो. अवेळी ढकलले, तर कितीही जोर लावला तरी झोका वाढत नाही. बाहेरून लागणाऱ्या बलाची कंप्रता वस्तूच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळली असता कंपन अतोनात वाढते, या घटनेला अनुनाद म्हणतात. सतारीत मुख्य तारांखाली असलेल्या तरफेच्या तारांना वादकाची नखी लागत नाही. तरीही त्यांच्या स्वराशी जुळणारा सूर वर वाजताच त्या आपोआप झंकारतात. तोही अनुनादच होय.

हे तत्त्व फार पूर्वीपासून ज्ञात आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादग्रंथात अवजड घंटेचे उदाहरण दिले आहे. एकटा मनुष्य योग्य वेळी दोर ओढीत राहून मोठी घंटा इतकी झुलवू शकतो, की ती थांबविण्यासाठी चारसहा जणांनी दोर धरला तर तेच उचलले जातील. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन येथील झुलता पूल १८३१ साली सैनिकांची एक तुकडी पावलाशी पाऊल मिळवून जात असताना कोसळला. त्यानंतर पुलावर कवायतीचे पाऊल मोडून चालण्याची आज्ञा ब्रिटिश सैन्यात देण्यात येऊ लागली.

बल आणि साद

यंत्राचे कंपन हे दोन गोष्टींचे मिळून बनलेले असते. पहिली गोष्ट म्हणजे यंत्राच्या आत निर्माण होणारे, त्याला हलविणारे बल. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र, त्याची चौकट, नळ आणि पाया यांनी त्या बलाला दिलेली साद. कंपन मोठे दिसले, तर बल तरी मोठे असेल, किंवा बल साधारण असून साद मोठी असेल. हाताने अथवा साध्या मापकाने पाहिले असता दोन्ही प्रकार सारखेच भासतात. परंतु त्यांवरील उपाय अगदी निराळे आहेत. दोषनिदानाची निम्मी विद्या हा भेद ओळखण्यात आहे.

साद किती मोठी होऊ शकते? कंपनातील शक्ती घर्षणाने अथवा द्रवाच्या अवरोधाने हळूहळू खर्ची पडते; या क्रियेला अवमंदन म्हणतात. ढळविलेली वस्तू मुळीच न डोलता परत जागेवर येण्यासाठी जेवढे किमान अवमंदन लागते, त्याला सीमांत अवमंदन असे नाव आहे. पोलादी चौकटीचे अवमंदन फार अल्प असते. ते सीमांत मापाच्या शेकडा दोन इतकेच आहे असे धरले, तर अनुनादाच्या वेळी होणारी हालचाल तेच बल स्थिर राहून घडवील त्याच्या सुमारे २५ पट होते. जे बल एरवी कोणाच्या ध्यानातही आले नसते, तेच अनुनादात यंत्र हादरवून सोडते.

बलांची ओळख कंप्रतेवरून

प्रथम बलांचा विचार करू. प्रत्येक बल आपल्या ठराविक कंप्रतेने कार्य करीत असल्यामुळे कंप्रता मोजली की त्याचा माग काढता येतो. भारतात वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्झ आहे. तिच्यावर चालणाऱ्या चार ध्रुवांच्या मोटरीतील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. परंतु प्रवर्तन मोटरीचा फिरता भाग, म्हणजे रोटर, नेहमी थोडा मागे राहतो. आपल्या उदाहरणात तो मिनिटाला १४८० फेरे घेतो असे मानू. म्हणजे सेकंदाला सुमारे २४.७ फेरे झाले. या मूळ संख्येला आपण फेऱ्याची कंप्रता म्हणू.

फिरत्या भागाचे वजन अक्षाभोवती समान वाटलेले नसेल, तर दर फेऱ्यास एकदा याप्रमाणे बल लागते. हे असंतुलन होय. २०० मिलीमीटर त्रिज्येवर केवळ ५० ग्रॅम वजन अधिक असले, तर १४८० फेऱ्यांच्या गतीस त्याचा बाहेरचा ओढा सुमारे २४ किलोग्रॅम वजनाइतका होतो. गती दुप्पट केल्यास तोच ओढा चौपट होतो. असंतुलनाचे कंपन मुख्यतः दंडाला काटकोनात, म्हणजे आडव्या व उभ्या दिशेने, जाणवते. कारखान्यात ज्याला शाफ्ट म्हणतात, तोच हा दंड.

मोटरीचा दंड आणि पंपाचा दंड कपलिंगने जोडलेले असतात. ते एका सरळ रेषेत नसतील, तर दर फेऱ्यास एकदा व दोनदा अशी दोन्ही कंपने उद्भवतात. आणि दंडाच्या लांबीच्या दिशेनेही यंत्र पुढेमागे हलू लागते. ही अक्षीय हालचाल एकरेषतेच्या दोषाची मोठी खूण आहे. पायाचे बोल्ट सैल असतील, किंवा यंत्राच्या चार पायांपैकी एक नीट टेकलेला नसेल, तर दर फेऱ्यास एकदा, दोनदा, तीनदा, चारदा अशी कंपनांची सबंध माळच दिसते.

पंपाच्या फिरत्या चक्राला, म्हणजे इंपेलरला, पाती असतात. प्रत्येक पाते कवचाच्या अरुंद भागापाशी आले की पाण्याला एक ठोका बसतो. पाती पाच असतील, तर या ठोक्यांची कंप्रता २४.७ च्या पाचपट, म्हणजे सुमारे १२३ हर्ट्झ होते. पंपाच्या मुखाशी पाण्याचा दाब पुरेसा नसेल, तर पाण्यात वाफेचे बुडबुडे उत्पन्न होऊन लगेच फुटतात. अशा वेळी एकच कंप्रता न दिसता पंपातून खडी वाहत असल्यासारखा खडखडाट ऐकू येतो.

गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये एखाद्या कड्यावर खळगा पडला, की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना टोला देते. बाहेरचे कडे स्थिर असून त्यावर दोष असेल, तर या टोल्यांची संख्या दर फेऱ्यास गोळ्यांच्या संख्येच्या सुमारे ०.४ पट असते. आतल्या फिरत्या कड्यावर दोष असेल, तर सुमारे ०.६ पट. नऊ गोळ्यांच्या बेअरिंगला वरील गतीस या कंप्रता अनुक्रमे सुमारे ८९ व १३३ हर्ट्झ येतात. त्या फेऱ्याच्या कंप्रतेच्या पूर्ण पटीत नसतात. म्हणून इतर कंपनांच्या गर्दीतही त्या वेगळ्या ओळखू येतात.

यांखेरीज मोटरीत विजेचेही बल असते. चुंबकाचे आकर्षण विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा वाढते व कमी होते; म्हणून त्याची कंप्रता १०० हर्ट्झ होते. दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला २९७० फेरे घेत असेल, तर फेऱ्याच्या दुपटीची कंप्रता ९९ हर्ट्झ येते. ९९ आणि १०० या दोन निकटच्या कंपनांच्या मिश्रणाने आवाज दर सेकंदास एकदा चढतो व उतरतो. हा चढउतार ऐकून पुष्कळांना बेअरिंग बिघडल्याचा संशय येतो. शंका फेडण्याची युक्ती सोपी आहे. मोटरीचा वीजपुरवठा तोडावा. विजेमुळे होणारे कंपन त्याच क्षणी नाहीसे होते. यांत्रिक कंपन मात्र गती उतरत जाईल तसतसे हळूहळू कमी होते.

मिश्र कंपनाचे पृथक्करण

प्रत्यक्ष यंत्रात ही सर्व कंपने एकाच वेळी चाललेली असतात. त्यांची फोड कशी करावयाची? पूर्वी वापरात असलेल्या एका उपकरणात निरनिराळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्यांची रांग असे. ते यंत्रावर ठेवले, की जिची नैसर्गिक कंप्रता यंत्राच्या कंपनाशी जुळेल तीच पट्टी जोराने थरथरू लागे, आणि तिच्यासमोरचा आकडा वाचला की काम झाले. जर्मन अभियंता हेर्मान फ्राम याचे नाव या प्रकारच्या उपकरणाशी जोडलेले आहे. अनुनाद हा येथे शत्रू नसून मापनाचे साधन आहे.

आज यासाठी यंत्राच्या अंगावर त्वरणमापक नावाचे लहानसे उपकरण बसवितात. ते कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करते. कोणतेही गुंतागुंतीचे आवर्ती कंपन साध्या कंपनांच्या बेरजेने मांडता येते, हे तत्त्व फ्रेंच गणिती फूरिये याच्या १८२२ सालच्या उष्णताविषयक ग्रंथातून प्रसिद्धीस आले. ही फोड अल्पावधीत करण्याची गणनपद्धती कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या आधारे हातात मावणारे यंत्रही आता कंपनाचा वर्णपट काही क्षणांत काढून देते. काचेच्या लोलकाने प्रकाशाचे रंग वेगळे व्हावेत, त्याप्रमाणे या वर्णपटात प्रत्येक कंप्रतेचे कंपन स्वतंत्र सुळक्याच्या रूपाने दिसते.

किती कंपन चालण्यासारखे आहे, याचे कोष्टक प्रथम टी. सी. रॅथबोन याने १९३९ साली मांडले. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात कंपनाचा वेग हे माप धरलेले होते. १५ ते ७५ किलोवॅट शक्तीच्या मध्यम यंत्रांसाठी सेकंदाला १.१२ मिलीमीटरपर्यंतचा वेग उत्तम, २.८ पर्यंतचा समाधानकारक, ७.१ पर्यंतचा थोड्या काळापुरताच चालणारा, आणि त्यापुढील घातक असे त्यात मानले होते. त्यानंतर ही मानके अनेकदा सुधारली गेली असून पंपांसाठी २००९ मध्ये स्वतंत्र मानक निघाले. असे आकडे मार्गदर्शक खरे. परंतु एकाच यंत्राची आजची नोंद गेल्या महिन्याच्या नोंदीशी ताडून पाहणे त्याहूनही उपयुक्त ठरते. सरासरी माणसाची नाडी किती, यापेक्षा या रोग्याची काल किती होती, हे वैद्याला अधिक सांगून जाते.

अनुनाद कसा ओळखावा

वर्णपटात फेऱ्याच्या कंप्रतेचा सुळका फार उंच दिसला असे समजा. येथे असंतुलनाचा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि चूक घडते ती येथेच. वर्णपट बलाची कंप्रता सांगतो. बल मोठे की साद मोठी, हे तो एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी आणखी परीक्षा कराव्या लागतात.

पहिली परीक्षा दिशेची. निव्वळ असंतुलनाचे बल दंडाभोवती फिरत असते. म्हणून त्याचे कंपन आडव्या व उभ्या दिशेने फारसे वेगळे नसते. एका दिशेचे कंपन दुसरीच्या कितीतरी पट असेल, तर त्या दिशेने अनुनाद होत असावा, असा दाट संशय घ्यावा.

दुसरी परीक्षा गतीची. गती थोडीशी कमी-अधिक केली असता असंतुलनाचे कंपन थोडेच बदलते. गती शेकडा पाचाने कमी करताच कंपन अर्ध्यावर आले, तर ते अनुनादाचे लक्षण होय. गती बदलण्याची सोय नसेल, तर मोटर बंद करावी आणि यंत्र थांबेपर्यंत कंपनाची नोंद घेत राहावे. गती कमी होत असताना मध्येच एखाद्या ठिकाणी कंपन वाढून पुन्हा घटले, तर त्या गतीशी जुळणारी नैसर्गिक कंप्रता यंत्रात आहे, असे ठरते.

तिसरी परीक्षा ठोक्याची. यंत्र पूर्ण थांबल्यावर, वीजपुरवठा तोडून व कुलूप लावून, रबरी तोंडाच्या हातोड्याने त्याला ठोका द्यावा आणि ते कोणत्या कंप्रतेने घुमते ते मोजावे. देवळातील घंटेवर टोल देऊन तिचा स्वर ऐकण्यासारखेच हे आहे. ठोके निरनिराळ्या दिशांनी द्यावे; कारण दोन दिशांच्या नैसर्गिक कंप्रता निराळ्या असू शकतात. चालू यंत्रातील पाण्याचा भार आणि तेलाचा थर यांमुळे ही कंप्रता काहीशी बदलते. म्हणून ठोक्याची परीक्षा व गती उतरतानाची नोंद यांचा मेळ घालून पाहावा.

चौथी परीक्षा कलेची. बलाची दिशा आणि त्यामुळे होणारी हालचाल यांच्या वेळेतील अंतराला कला म्हणतात. गती नैसर्गिक कंप्रतेच्या पुष्कळ खाली असताना हालचाल बलाबरोबर होते. अनुनादाच्या क्षणी ती पाव आवर्तन मागे राहते, आणि गती त्यापलीकडे गेली की अर्धे आवर्तन मागे, म्हणजे बलाच्या अगदी उलट होते. दंडावर खडूची खूण करून कंपनाच्या संकेताबरोबर लुकलुकणारा दिवा तीवर टाकला, तर खूण स्थिर भासते. आणि गती अनुनादातून जात असता ती जवळजवळ अर्धा फेरा सरकलेली दिसते. असे सरकणे दिसले, तर अनुनादाविषयी शंका उरत नाही.

नवे बेअरिंग व नवे संतुलन यांनंतरही कंपन का राहते, याचा उलगडाही येथे होतो. अनुनादाच्या जवळ गतीत किंचित फरक पडला तरी कला पुष्कळ बदलते. संतुलनासाठी वजन कोठे लावावे, हे कलेवरूनच ठरवितात. त्यामुळे सकाळी योग्य वाटलेली जागा दुपारी चुकीची ठरते. बल कितीही कमी केले, तरी राहिलेल्या अल्प बलाला चौकट पंचवीसपट साद देतच असते.

उभ्या पंपाचे उदाहरण

नदीतून अथवा खोल विहिरीतून पाणी उपसणाऱ्या उभ्या पंपात ही अडचण विशेष आढळते. याची मोटर वर, पोलादी मनोऱ्यासारख्या बैठकीवर उभी असते, आणि पंप खाली पाण्यात लोंबतो. जमिनीच्या वरचा भाग हा टोकाला जड वजन बांधलेल्या उभ्या काठीसारखा असून तो सहज डोलतो. शिवाय कपलिंगपर्यंत हात पोहोचावा म्हणून बैठकीला खिडक्या ठेवलेल्या असतात आणि एका बाजूने पाण्याचा नळ निघालेला असतो. म्हणून एका दिशेने ताठपणा अधिक, तर दुसरीने कमी असतो. मोटर बनविणारा तिची जी नैसर्गिक कंप्रता कळवितो, ती मोटर अचल पायावर बसविली आहे असे धरून काढलेली असते. प्रत्यक्ष बैठकीवर बसविल्यावर ती पुष्कळ खाली येते.

उदाहरणादाखल, मिनिटाला १४८० फेरे घेणारा असा पंप घेऊ. फेऱ्याची कंप्रता २४.७ हर्ट्झ. ठोक्याच्या परीक्षेत नळाच्या दिशेने ३१ आणि त्याला काटकोनात २५ हर्ट्झ अशा दोन नैसर्गिक कंप्रता मिळाल्या असे समजू. काटकोनाच्या दिशेने अनुनाद होत आहे, हे उघड आहे. सामान्यतः या दोन कंप्रतांत शेकडा वीस तरी अंतर असावे, असे अभियंते मानतात. म्हणून २५ ची कंप्रता ३० वर न्यावयाची, तर ताठपणा १.४४ पट करावा लागेल. त्यासाठी बैठकीला त्याच दिशेने पोलादी आधार जोडणे, पायाखालील पोकळ्या सिमेंटने भरणे, खिडक्यांभोवती पट्ट्या जोडणे असे मार्ग आहेत. आधार चुकीच्या दिशेने लावला, तर श्रम व्यर्थ जातात.

आता एक सावधगिरी. वरील कंप्रता २५ ऐवजी २२ निघाली असती, तर काय? तेव्हा यंत्र अनुनादाच्या थोडे वर चालत आहे. अशा वेळी अर्धवट आधार लावून ताठपणा सुमारे सव्वापट केला, तर २२ ची कंप्रता बरोबर २४.७ वर जाऊन बसेल आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढेल. ‘ताठ केले की बरे होते’ हा समज म्हणून धोक्याचा आहे. कोणत्या बाजूला किती सरकावयाचे, ते मोजमाप केल्यावाचून कळत नाही. काही ठिकाणी आधार लावण्यास जागाच नसते. तेथे फ्रामने १९०९ मध्ये पेटंटासाठी मांडलेली युक्ती कामी येते. यंत्रावर एक लहान वजन स्प्रिंगने अथवा पट्टीने असे जोडतात, की त्याची नैसर्गिक कंप्रता त्रासदायक कंप्रतेशी जुळावी. मग यंत्राऐवजी ते लहान वजनच डोलत राहते.

बदलत्या गतीचा नवा प्रश्न

पूर्वी बहुतेक पंप एकाच गतीने चालत. अलीकडे विजेची कंप्रता बदलून मोटरीची गती कमी-अधिक करणारी साधने सर्वत्र आली आहेत. त्यांपासून लाभही मोठा होतो. साध्या घर्षणाच्या भारावर पंपाची शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे गती चार-पंचमांश केली, तर शक्ती जवळजवळ निम्मीच लागते. परंतु मिनिटाला ९०० पासून १४८० फेऱ्यांपर्यंत कोठेही चालणारा पंप १५ पासून २४.७ हर्ट्झपर्यंतच्या प्रत्येक कंप्रतेस स्पर्श करतो. पाच पाती असतील, तर ७५ पासून १२३ पर्यंतच्याही. इतक्या विस्तृत पट्ट्यात एखादी नैसर्गिक कंप्रता सापडणे साहजिकच आहे. म्हणून यंत्र सुरू करतानाच सर्व गतींवर कंपन मोजून, जेथे अनुनाद होतो तो गतीचा पट्टा वर्ज्य ठरवितात आणि यंत्र त्यातून झटकन पार होईल, पण तेथे थांबणार नाही, अशी योजना करतात.

वर्ज्य पट्ट्यांची व वाढत्या कंपनाची उपेक्षा किती महाग पडू शकते, हे रशियातील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रातील अपघाताने दाखविले. हे उदाहरण पंपाचे नसून टर्बाइनचे, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या यंत्राचे आहे; परंतु पाणी, पाती व फिरता दंड यांचे नाते दोहींत एकच असते. येनिसेई नदीवरील या केंद्रात प्रत्येकी ६४० मेगावॅटचे दहा संच होते. अशा टर्बाइनला काही भारांवर पाण्याच्या प्रवाहामुळे तीव्र हादरे बसतात. तो भाराचा पट्टा टाळावयाचा असतो. १७ ऑगस्ट २००९ रोजी दुसऱ्या क्रमांकाचा संच या पट्ट्यातून अनेकदा गेला. त्याचे कंपन त्याआधीपासूनच वाढलेले होते. अखेर टर्बाइनचे झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले, झाकण वर फेकले गेले, यंत्रशाळेत पाण्याचा लोंढा शिरला आणि ७५ माणसे मृत्यू पावली. चौकशीत तपासलेल्या बोल्टांपैकी बहुतेकांत धातूच्या थकव्याचे तडे आढळले. या अपघाताची कारणे अनेक होती. तथापि कंपनाचे आकडे वाढत असताना यंत्र चालू राहिले, ही गोष्ट त्यांत अग्रभागी आहे.

निदानाचा क्रम

येथवर पाहिलेल्या गोष्टींवरून निदानाचा क्रम थोडक्यात असा मांडता येईल. प्रथम कंपन तीनही दिशांनी मोजावे आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहावे. नंतर वर्णपटावरून बलाची कंप्रता शोधावी व ती फेरे, पाती, बेअरिंग अथवा वीज यांपैकी कशाशी जुळते ते ठरवावे. बोल्ट, पायाची टेकण व नळांचे आधार ही साधी स्थाने याच वेळी पाहून घ्यावी. त्यानंतर दिशा, गती, ठोका व कला या चार परीक्षांनी अनुनाद आहे की नाही, याचा निर्णय करावा. बल मोठे असेल, तर ते कमी करावे: संतुलन करावे, दंड एका रेषेत आणावे, झिजलेला भाग बदलावा. साद मोठी असेल, तर ताठपणा, वस्तुमान, अवमंदन अथवा गती यांपैकी जे बदलणे सुकर असेल ते बदलावे. शेवटी पुन्हा मोजमाप घेऊन गुण आला की नाही, हे पडताळावे.

विद्यार्थ्यांना या विषयाचे मूळ तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेतच पाहता येईल. करवतीच्या जुन्या पात्याचे दाते चिकटपट्टीने झाकून त्याचे एक टोक शेगड्यात घट्ट धरावे, मोकळे टोक वाकवून सोडावे आणि त्याची थरथर पाहावी. मोकळी लांबी निम्मी केली, की कंप्रता सुमारे चौपट होऊन डोळ्यांना दिसणारी हालचाल कानाला ऐकू येणारा सूर बनते. टोकाला मातीचा लहान गोळा चिकटवला, की सूर खाली येतो. ताठपणा आणि वस्तुमान यांचा जो नियम मोठमोठ्या पंपांना लागू आहे, तोच येथे शिक्षकांच्या टेबलावर पडताळून पाहता येतो.

स्क्रूड्रायव्हर कानाशी लावणारा मिस्त्री आणि वर्णपट वाचणारा अभियंता, दोघेही एकाच यंत्राचे बोलणे ऐकत असतात. मिस्त्रीच्या कानाला अनुभवाचे बळ आहे, तर अभियंत्याच्या उपकरणाला मापाचे. या दोहोंचा मेळ पडला, म्हणजे हातात पाना घेण्यापूर्वीच दुखणे बलाचे की सादेचे, हे निश्चित होते. आणि एकदा ते निश्चित झाले, की निष्कारण नवे भाग बसविण्यात वेळ व पैसा वाया जात नाही.